ओट्यावरचा ठिकाणा

"लिव्हून घ्या, भाऊसाहेब."

हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणायचा याची गणती नव्हती. म्हणताना उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर टेकवायचा आणि खरंच काही लिहितो आहे असं फिरवायचा. "आज ऊन लई हाय, लिव्हून घ्या." "तुमच्या पंख्याचं वारं खिडकीभाईर येत न्हाई, लिव्हून घ्या." कचेरीत जे लिहिलं जातं तेवढंच घडतं, बाकीचं घडतच नाही, हे त्याला आमच्या खिडकीपुढे उभं राहून कळलं होतं. आम्हाला तिथे पगार घेऊनही ते कळलेलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी शेवगावच्या कचेरीत धान्यपुरवठ्याचा कारकून होतो. वय तेहतीस. केस चापून बसवलेले, पेन दोन. एक सहीचं, एक साध्या लिखाणाचं. माझ्या खिडकीवर रेशनकार्डाचे अर्ज यायचे. पूर्वेकडच्या कोरड्या गावांमधून माणसं घर सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आली होती. त्यांना तात्पुरती कार्डं मिळत. कार्ड असलं की दुकानातून लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळे. त्या मिलोला कुबट वास यायचा, भाकरी चिकट व्हायची, आमच्यासारखे लोक ती बघून नाक मुरडायचे. पण ज्यांच्यापाशी कार्ड नव्हतं ते त्या मिलोकडेही लांबूनच बघत.

कार्डासाठी ठिकाणा लागे. म्हणजे कुणा घरमालकाने लिहून द्यायचं, की हा माणूस माझ्याकडे राहतो.

पहिल्या दिवशीचं आमचं बोलणं मला अजून तोंडपाठ आहे.

"ठिकाणा?"

"हाय की."

"कुठला?"

"ह्यो. उभा हाय तिथला. सकाळधरनं हाललो न्हाई, मागच्यास्नी इचारा."

रांग हसली. मीही हसलो, आणि हसत हसत त्याचा अर्ज परत केला. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठा होता. मी त्याला 'अरे तुरे' करत होतो. तो मला 'तुमी' म्हणत होता. हेही लिहून ठेवतो.

तो उंच, हाडापेराचा, किंचित पुढे वाकलेला माणूस होता. सदऱ्याच्या खिशात बोटाएवढी पेन्सिल असायची. छप्पन साली त्याच्या वस्तीने बौद्ध धर्म स्वीकारला, त्यानंतर चाळिशीच्या उंबऱ्यावर तो अक्षरं शिकला होता. दुकानांच्या पाट्या, बिडीच्या बंडलावरचा कागद, आमच्या भिंतीवरची परिपत्रकं, जे दिसेल ते मोठ्याने वाचायचा. शिपाई ओरडला तर म्हणायचा, "वाचाया कर लावलाय व्हय?" बायको बरोबर होती. ती कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून राहायची. रोज 'जयभीम, भाऊसाहेब' म्हणून तो खिडकीपाशी यायचा आणि रोज मी त्याला ठिकाणा विचारायचो.

याच सुमारास माझी जामखेडला बदली झाली.

त्याच्या आदल्याच वर्षी मी गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधलं होतं. तीन खोल्या, काळ्या दगडाच्या भिंती, पुढे लांब ओटा, आणि सागवानी दार. त्या दाराचा मला फार अभिमान होता. बायको-मुलांना पुणतांब्याला सासुरवाडीला पाठवायचं ठरलं आणि घर रिकामं राहणार हे स्पष्ट झालं. दुष्काळात रिकाम्या घरांची दारं, चौकटी, पत्रे रातोरात उचलले जात होते. मला झोप येईना.

घर राखायचं कसं, याचा मी जेवढा विचार केला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नसेल. कुलूप दोन लावावीत का तीन? पण कुलूप दिसलं की मालक नाही हे रस्त्यावरून कळतं. खिडक्यांवर फळ्या ठोकाव्यात, तर भिंतीला खिळे. बाभळीच्या फासांचं कुंपण केलं, तर पहिल्याच आठवड्यात लोक ते जळणाला नेणार. कुत्रं ठेवलं तर त्याला भाकरी कोण घालणार? गुरखा महागात पडत होता. मेव्हण्याला ठेवावं असं बायकोने सुचवलं. मेव्हणा घर राखील यात शंका नव्हती, पुढे आपल्याला आत घेईल का याची होती. भाडेकरू ठेवला तर तो हक्क सांगेल. राहिलेला माणूस उठत नाही, ही भीती तेव्हा प्रत्येक घरमालकाच्या पोटात होती.

शेवटी शेजारच्या काकांनी तोडगा काढला. काका कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अतिशय गोड बोलत, आणि बोलताना जिभेने ओठ ओले करत.

"एखादा बिनठिकाण्याचा गडी बघा," ते म्हणाले. "आत घ्यायचा नाही. ओट्यावर बसवायचा. छपराची आशा असलेला माणूस पगार मागत नाही. फक्त एक सांभाळा. हा इथे राहतो, असं कुठल्याही कागदावर येता कामा नये. रेशनकार्डावर घराचा पत्ता चढला की घर गेलं समजा."

बिनठिकाण्याचा गडी मला शोधावा लागला नाही. तो रोज माझ्या खिडकीपुढे उभा होता. माझ्या मनात आणखी एक विचार आला होता, तो आज लिहितानाही शिसारी येते. वाटलं, यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेस राखली आहे, यांना हे काम नवं नाही.

त्याला घर दाखवलं. त्याने दार निरखलं, ओट्याची लांबी पावलांनी मोजली, बायकोकडे बघून हसला. म्हणाला, "ठिकाना झाला की हो, भाऊसाहेब! लिव्हून घ्या."

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

काकांनी कागद तयार केला होता. अंगठा घ्यायला शाईचं पॅडही आणलं होतं. त्याने पॅड बाजूला सारलं आणि कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागला. 'मी सदर घरात राहत नसून, केवळ बाहेरील ओट्यावर राखणीस...' इथे तो थांबला.

"ह्यो सबूद काढा."

"कुठला?"

"राखन. माझ्या बापानं येशीची काठी टाकली ती पुन्हा उचलली न्हाई. उपाशी निजला, पर उचलली न्हाई. मी राखनदार म्हनून बसनार न्हाई. राहतो असं लिव्हा. राहीन आनि घर बी बघीन. घरात राहनारा घर बघतोच की."

काकांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "अरे, एका शब्दाने काय होतं?"

"मंग काढा की, काय हुत न्हाई तर," तो म्हणाला.

काकांनी 'राखणीस' खोडून 'बसत आहे' केलं. 'राहत नसून' मात्र तसंच ठेवलं. त्याच्या ते लक्षात आलं होतं. बोट त्या ओळीवर ठेवून त्याने मला सरळ विचारलं, "कार्डाला ठिकाना ह्योच लावायचा ना? तेवढं तोंडानं सांगा, मंग मी सही करतो."

"बघू ना," मी म्हणालो.

सरकारी कारकुनाच्या तोंडी 'बघू' म्हणजे काय, हे त्या खिडकीपुढे महिनाभर उभ्या राहिलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण ओट्याच्या कडेला त्याची बायको बसली होती. तिने गाठोडं सोडून खाली ठेवलं होतं. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत सही केली.

त्याने घर कसं सांभाळलं हे मला काकांकडून कळायचं, आणि त्याच्या पोस्टकार्डांतून. मी माझे जुने जोडे टाकून द्यायला म्हणून ओट्यावर ठेवले होते. त्याने ते दारापुढे मांडले. सकाळी टोकं बाहेर, संध्याकाळी आत. म्हणायचा, "जोडं हाललं पायजेत. जोडं हालतंय तवर मालक जित्ता हाय." माझा एक फाटका लेंगा दोरीवर वाळत घातलेला असे. पाणी तर टँकरचं, तेही दोन हंडे. त्याची बायको वाटीभर पाण्यात लेंग्याचे नुसते काठ भिजवायची. वाऱ्यावर ओले काठ फडफडले की रस्त्यावरून घरात माणूस आहे असं वाटायचं.

आणि तो बंद दाराशी बोलायचा. एकदा भर दुपारी एक ट्रक येऊन थांबला. दोघं उतरले, दाराच्या चौकटीवर थापा मारून लाकूड जोखायला लागले. हा कामावरून नुकताच आला होता. त्याने आवाज चढवला नाही. ओठांवर बोट ठेवलं. "हळू. भाऊसाहेब आताच पडल्यात. त्येंच्या झोपंचं लई वंगाळ हाय." मग दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "न्हाई न्हाई, तुमी उठू नगा. मी सांगतो त्येस्नी." ट्रक निघून गेला. शेजारच्या काकांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. ते मला म्हणाले, "क्षणभर मलाच वाटलं, तुम्ही रजेवर आलात की काय."

पोस्टकार्ड दर आठवड्याला यायचं. अक्षरं ज्वारीच्या दाण्यांसारखी सुटी सुटी.

'दार बरं हाय. खिडक्या बऱ्या हायत. जोडं बरं हायत. आमी बी.'

जामखेडच्या कचेरीत मी ती कार्डं बाकीच्या कारकुनांना वाचून दाखवायचो. फार हशा पिकायचा. जोडं बरं हायत! चहा पिता पिता लोक फर्माईश करायचे, तुमच्या राखणदाराचं नवीन काय? मी 'राखणदार' हा शब्द कधीही दुरुस्त केला नाही.

संक्रांतीला मी एक दिवस शेवगावला गेलो. ओट्याच्या एका टोकाला बोरूच्या काड्यांचा आडोसा केलेला होता. त्यामागे तीन दगडांची चूल. छपराखाली चूल मांडू नका असं मी बजावलं होतं, पण बाहेर वाऱ्याने जाळ टिकत नव्हता. भिंतीच्या काळ्या दगडावरही काजळीचा मोठा डाग उठून दिसत होता. मला आधी तो डाग दिसला. मग त्याची बायको दिसली. ती एवढी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवल्या होत्या, नाहीतर गळून पडत. चुलीवर कसला तरी पाला शिजत होता.

तिने तांब्या पुढे केला. "घ्या, दादा. गार हाय."

"आत्ताच चहा झाला," मी म्हणालो. झाला नव्हता.

तिने तांब्या मागे घेतला. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "कार्डाचं तेवढं बघा, दादा. खडीच्या पैशात दुकानाभाईरचा दाना परवडत न्हाई. ह्ये आपल्या वाटनीचं मला देत्यात आनि मी जेवलो म्हनत्यात."

"काय बी सांगती," तो मागून म्हणाला. "मी तिच्यापरीस जास्त खातो, लिव्हून घ्या."

"बघतो," मी म्हणालो. जाताना त्याला काजळीबद्दल बोललो. वाईट दिसतं, म्हणालो. त्याने मान हलवली.

महिन्याभराने त्याचं पोस्टकार्ड आलं. नेहमीपेक्षा लांब होतं. 'दार बरं हाय. खिडक्या बऱ्या हायत. मी कार्डाचा अर्ज दिला. ठिकाना तुमचा ओटा असा लिव्हलाय. घर न्हाई लिव्हलं, ओटाच लिव्हलाय. तुमाला कागद येईल. राहतो म्हनून लिव्हा. बायकोचं पाय सुजल्यात.'

हे कार्ड मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

दोन दिवसांनी तो कागद आला. माझ्या जागी आलेल्या कारकुनाने पाठवलेला, छापील नमुन्यातला. 'सदर इसम आपले मालकीचे घरी राहतो किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा.' सकाळचे अकरा वाजले असतील. टेबलावर चहा होता, त्यावर साय धरत होती. मी हे का सांगतो? कारण फार घाईत होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं काही मला म्हणता येत नाही. पुरता वेळ होता. मी कागद दोनदा वाचला. काकांचं बोलणं आठवलं. त्या माणसाने उद्या घरावर हक्क सांगितला असता का? असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. वाटलं एवढंच की, कशाला? कशाला उगाच आपलं नाव कागदावर?

'सदर इसम माझे घरी राहत नाही.' एवढंच लिहिलं. खाली, 'सोबत: सदर इसमाचे सहीचे लेखाची नक्कल.' साध्या पेनाने मजकूर, दुसऱ्या पेनाने सही. चहाही पूर्ण थंड झाला नव्हता. मी तो प्यायलो. साय बोटाने काढून टेबलाच्या कडेला पुसली. त्या बोटाची मला आजही किळस येते.

पुढचं पोस्टकार्ड वेळेवर आलं. 'दार बरं हाय. खिडक्या बऱ्या हायत. जोडं बरं हायत.' कार्डाचा उरलेला अर्धा भाग कोरा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. तुमच्यापैकी कुणाला वाटेल की त्याने चिडून काहीतरी लिहायला हवं होतं. मलाही वाटायचं. मी रोज टपालाची वाट बघायचो आणि त्याने दोन शिव्या लिहिल्या असतील तर बरं, असं म्हणत कार्ड उलटं करायचो. पण दार बरं होतं, खिडक्या बऱ्या होत्या.

मग कार्डं थांबली.

पाडव्याच्या आधी माझी बदली रद्द झाल्याचा हुकूम निघाला. त्यासाठी मी कुणाकुणाच्या घरी खेटे घातले होते ते वेगळं. पुणतांब्याहून बायको-मुलांना घेऊन शेवगावला आलो. दार जसंच्या तसं होतं, त्यावर साधा चराही नव्हता. तिन्ही खोल्यांत धूळ सोडली तर काहीही हललेलं नव्हतं.

ओट्यावर कुणीही नव्हतं. आडोसाही नव्हता. काड्या रोवलेली भोकं माती ठासून बुजवली होती. दोरीचे खिळे उपटून काढले होते. चुलीचे दगड नव्हते, राखेची चिमूट नव्हती. आणि भिंतीवरची काजळी गेली होती. पुसलेली नव्हती. पुसायला पाणी कुठलं? खडी फोडायच्या हातोड्याने त्याने तो दगड खरवडून काढला होता. काळ्या भिंतीत सुपाएवढा पांढरा तुकडा दिसत होता. त्यावर हातोड्याचे बारीक बारीक घाव होते, एकाला एक लागून, जवळजवळ नक्षीसारखे.

"किती स्वच्छ ठेवून गेला हो," बायको म्हणाली.

काका जिभेने ओठ ओले करत आले. "दोन दिवस ठोकत बसला होता. कामावरही गेला नाही. मी म्हटलं, अरे, मालकाने सांगितलंय का? तर म्हणतो, 'मालकानं न्हाई, सरकारनं. सरकारच्या कागदावर लिव्हलंय का आमी हितं राहत न्हाई. सरकारचा कागद खोटा पडाया नगं.'" काका हसले. "बघा, अक्षरं शिकली की ही अशी तऱ्हा होते."

"आणि बायको?" मी विचारलं.

"ती समोरच्या त्या बाभळीखाली बसून होती. उठता येत नव्हतं बहुतेक. शेवटी पाठीवर घेऊन गेला."

"कुठे?"

"आता ते मी कशाला विचारू? आपल्याला काय करायचंय?"

मी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावर गेलो. हजेरीपटात त्याचं नाव होतं. गाव होतं. पुढे हल्लीच्या ठिकाण्याची जागा कोरी होती. मुकादम म्हणाला, हिशेब न घेताच गेला, कुणी म्हणतं गोदावरीकडे, कुणी म्हणतं परत गावाला. पुढे बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्या माणसाला मी खूप शोधलं. ते खोटं आहे. मी त्या मुकादमाला एकदा विचारलं आणि घरी येऊन जेवलो.

रेशनकार्डाच्या खिडकीवर मी पुन्हा बसलो. बिनठिकाण्याची माणसं येतच होती. त्यातल्या दोघा-तिघांना मी स्वतःच्या घराचा पत्ता घालून कार्डं दिली. कुणीही कधी हक्क सांगायला आलं नाही. पाऊस पडल्यावर ती सगळी माणसं आपापल्या गावी निघून गेली. ही हकिगत सांगितली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडा आदर उमटतो. म्हणून हल्ली मी ती सांगत नाही.

तो पांढरा तुकडा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरायचा. ओट्यावर बसलं की पाहुणे आधी तिकडेच बघायचे. "इथे काय होतं हो?" कुणी म्हणायचं, देवाची मूर्ती काढली का? कुणी म्हणायचं, वीज पडली का? मी काहीतरी सांगायचो. दर वेळी वेगळं.

दिवाळीला मी गवंडी बोलावला आणि ओट्याची सगळी भिंत चुन्याने पांढरी करून घेतली. बाकीच्या भिंतीला दोन हात पुरले. तेवढ्या तुकड्यावर चुना धरेना. गवंडी म्हणाला, "हितं घाव लई बारीक हायत, सायेब." मी त्याला तिसरा हात द्यायला सांगितला, आणि तो देईपर्यंत तिथेच उभा राहिलो.